तेरा चाचण्या, एक लस आणि अक्षांशाचे कोडे

१/
भारतात जन्मलेल्या बहुतेकांच्या डाव्या दंडावर एक लहानसा वाटोळा व्रण असतो. जन्मानंतर लवकरच टोचलेल्या बीसीजी लसीची ती खूण. क्षयरोगाविरुद्धची ही लस शंभर वर्षांहून अधिक काळ वापरात आहे. तरीही तिच्या इतिहासात एक विलक्षण विसंगती आहे. इंग्लंडमधील शाळकरी मुलांमध्ये तिने क्षयरोगाचे प्रमाण तीन-चतुर्थांशाने घटवले; मद्रासजवळच्या चिंगलपुट जिल्ह्यात मात्र प्रचंड चाचणीअंती तिचा परिणाम जवळजवळ शून्य भरला. दोन्ही चाचण्या काळजीपूर्वक केलेल्या होत्या. मग विश्वास कशावर ठेवायचा?

आजचा धागा या कोड्याचा आणि ते सोडवण्यासाठी संख्याशास्त्राने घडवलेल्या दोन अवजारांचा : उपगट-विश्लेषण आणि मेटा-रिग्रेशन.

२/
आरंभ फ्रान्समधील लील शहरात होतो. आल्बेर काल्मेत आणि कामीय गेरँ या दोघांनी १९०८ मध्ये गाईंना होणाऱ्या क्षयाचे जंतू बैलाचे पित्त घातलेल्या बटाट्याच्या माध्यमावर वाढवण्यास सुरुवात केली. दर काही आठवड्यांनी जंतू नव्या माध्यमावर न्यायचे, असे तब्बल १३ वर्षे आणि सुमारे २३० वेळा. पहिल्या महायुद्धात लील जर्मनांच्या ताब्यात गेले, तरी काम थांबले नाही. अखेरीस जंतू इतके निस्तेज झाले की प्राण्यांना रोग होईनासा झाला. १९२१ मध्ये पॅरिसमध्ये एका नवजात बालकाला ही लस प्रथम देण्यात आली. 'बॅसिल काल्मेत-गेरँ' या नावाची आद्याक्षरे म्हणजे बीसीजी.

१९३० मध्ये जर्मनीतील ल्यूबेक येथे प्रयोगशाळेतील चुकीमुळे लसीत जहाल जंतू मिसळले गेले आणि सत्तरहून अधिक अर्भके दगावली. लसीवरचा विश्वास डळमळला. मोठ्या, काटेकोर चाचण्यांची गरज तेव्हापासून तीव्र झाली.

३/
ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने १९५० मध्ये शाळा सोडण्याच्या वयाच्या, म्हणजे १४-१५ वर्षांच्या मुलांवर चाचणी आरंभली. आधी ट्युबरक्युलिन चाचणी करून ज्यांना क्षयजंतूचा संसर्ग झालेला नाही अशीच मुले निवडली. पुढे वीस वर्षे त्यांचा मागोवा घेतला. बीसीजी घेतलेल्या १३,५९८ जणांपैकी ६२ जणांना क्षय झाला. न घेतलेल्या १२,८६७ जणांपैकी २४८ जणांना. म्हणजे जोखीम सुमारे ७६ टक्क्यांनी घटली.

कॅनडातील आदिवासी अर्भकांवर त्याआधी झालेल्या चाचणीत तर सुमारे ८० टक्के संरक्षण दिसले होते. ब्रिटनने १९५३ पासून शाळकरी मुलांना बीसीजी देण्यास सुरुवात केली, यात नवल नाही.

४/
अटलांटिकच्या पलीकडे चित्र निराळे होते. जॉर्ज कॉमस्टॉक या अमेरिकी साथरोगतज्ज्ञाच्या सहभागाने प्वेर्तो रिको बेटावर आणि जॉर्जिया-अलाबामा या दक्षिणेकडील राज्यांत चाचण्या झाल्या. प्वेर्तो रिकोत संरक्षण जेमतेम २९ टक्के. जॉर्जिया-अलाबामात लस घेतलेले आणि न घेतलेले यांत जवळपास काहीच फरक नाही. अमेरिकेने सार्वत्रिक बीसीजी कधीच स्वीकारली नाही.

लस एक, देश दोन, धोरणे परस्परविरुद्ध. आणि प्रत्येक देशाच्या हाती स्वतःचे खरे आकडे!

५/
भारतात बीसीजी मोहिमेची मुहूर्तमेढ १९४८ मध्ये रोवली गेली. मद्रासजवळच्या गिंडी येथील किंग इन्स्टिट्यूटमध्ये लसनिर्मिती सुरू झाली. आंध्रातील मदनपल्लीजवळच्या आरोग्यवरम येथील क्षयरुग्णालयातून डॉ. फ्रिमोड्ट-मोलर यांनी १९५० च्या सुमारास चाचणी हाती घेतली. तीत पुढे सुमारे २० टक्के संरक्षण आढळले.

या मोहिमेला विरोधही झाला आणि तो साध्यासुध्या माणसाकडून नव्हे. १९५४ पर्यंत मद्रासचे मुख्यमंत्री असलेले चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी १९५५ मध्ये बीसीजीविरुद्ध जाहीर भूमिका घेतली. पुरेशा पुराव्याविना निरोगी मुलांना सरसकट लस का टोचावी, हा त्यांच्या आक्षेपाचा गाभा होता. पुराव्याची ती मागणी पुढे वेगळ्या वाटेने पुरी व्हायची होती.

६/
१९६८ मध्ये चिंगलपुट जिल्ह्यात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, जागतिक आरोग्य संघटना आणि अमेरिकेची सार्वजनिक आरोग्य सेवा यांनी मिळून बीसीजीची आजवरची सर्वांत मोठी चाचणी सुरू केली. गावेच्या गावे सामील झाली. लहानमोठ्या सर्व वयोगटांतील सुमारे २,६०,००० लोकांना लस किंवा निष्क्रिय द्रव टोचण्यात आला. कोणाला काय मिळाले हे टोचणाऱ्यालाही ठाऊक नव्हते.

साडेसात वर्षांच्या मागोव्याचे निष्कर्ष १९७९-८० मध्ये प्रसिद्ध झाले. पुढील विश्लेषणांत वापरली गेलेली तुलना अशी : लस घेतलेल्या ८८,३९१ जणांत क्षयाचे ५०५ रुग्ण, निष्क्रिय द्रव घेतलेल्या तितक्याच लोकांत ४९९. लसीच्या बाजूला सहा रुग्ण अधिकच! फुप्फुसाच्या क्षयापासून संरक्षण : शून्य.

७/
वैद्यकविश्व हादरले. स्पष्टीकरणांची रीघ लागली.

• लसीचे वाण वेगवेगळे आहेत.
• रुग्णांचे पोषण वेगळे आहे.
• दक्षिण भारतातील क्षयजंतूच वेगळा आहे.
• अनेकांना आधीच संसर्ग झाला होता.
• उष्ण प्रदेशांतील माती-पाण्यात क्षयजंतूचे निरुपद्रवी भाऊबंद विपुल असतात. त्यांच्या सततच्या संपर्काने शरीराला आधीच थोडे संरक्षण मिळते. त्यावर लसीची भर दिसून येत नाही.

शेवटच्या तर्काला आधार होता. पामर आणि लाँग यांनी १९६६ मध्ये गिनिपिगांवरील प्रयोगांतून असे काहीसे घडू शकते हे दाखवले होते. पण अडचण अशी की प्रत्येक पक्ष आपल्याला सोयीच्या दोन चाचण्या शेजारी ठेवून आपले म्हणणे सिद्ध झाल्याचे सांगे. इंग्लंड आणि चिंगलपुट यांत हवामान वेगळे, वय वेगळे, वाण वेगळे, दारिद्र्य वेगळे. दोनच ठिपके असतील तर त्यांतून हवी ती रेषा काढता येते.

सगळे ठिपके एकत्र पाहण्याची शिस्तबद्ध रीत हवी होती.

८/
थोडे मागे जाऊ. निरनिराळ्या ठिकाणचे निष्कर्ष आकड्यांनिशी एकत्र करण्याचा एक आद्य प्रयत्न लसीसंदर्भातच झाला होता. १९०४ मध्ये कार्ल पिअर्सन यांनी आल्मरोथ राइट यांच्या विषमज्वराच्या लसीची आकडेवारी तपासली. आकडे ब्रिटिश सैनिकांचे होते. काही दक्षिण आफ्रिकेच्या युद्धातले, काही भारतातले. पिअर्सन यांनी प्रत्येक गटासाठी सहसंबंध काढून त्यांची सरासरी घेतली.

तथापि सरासरी काढून ते थांबले नाहीत. गटागटांतील आकडे इतके अनियमित का, हा प्रश्न त्यांनी उपस्थित केला आणि स्वयंसेवकांपैकी एकाआड एकाला लस देऊन नीट प्रयोग करावा, असे सुचवले. ती अनियमितता हाच आपल्या कथेचा खरा विषय आहे.

९/
पुढचे टप्पे झरझर पाहू.

१९५४ : विल्यम कॉक्रन यांनी वेगवेगळ्या प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करण्याची रीत मांडली. प्रयोगांतील तफावत निव्वळ योगायोगाने पडावी त्याहून अधिक आहे का, याची त्यांच्या नावाची कसोटी आजही वापरतात.

१९७६ : अमेरिकी शिक्षणशास्त्रज्ञ जीन ग्लास यांनी 'मेटा-अ‍ॅनालिसिस' हा शब्द रूढ केला. अभ्यासांचा अभ्यास, हा त्याचा अर्थ. मेरी ली स्मिथ यांच्यासह त्यांनी मानसोपचारावरील ३७५ अभ्यास एकत्र केले.

१९८६ : रेबेका डर्सिमोनियन आणि नॅन लेअर्ड यांनी एक महत्त्वाची कल्पना सुटसुटीत गणितात बसवली. प्रत्येक चाचणी एकाच सत्य आकड्याचा अंदाज देते, असे मानण्याची सक्ती नाही. प्रत्येक ठिकाणचे सत्यच थोडे वेगळे असू शकते. आपण त्या सत्यांची सरासरी आणि त्यांचा पसारा, असे दोन्ही मोजावेत.

१०/
१९९४ मध्ये हार्वर्डमधील ग्रॅहम कोल्डिट्झ आणि सहकाऱ्यांनी बीसीजीवरील उपलब्ध वाङ्मय चाळून काढले. सहकाऱ्यांत ख्यातनाम संख्याशास्त्रज्ञ फ्रेडरिक मॉस्टेलर होते. क्षयरोगाच्या प्रमाणाबाबत वापरण्याजोग्या १३ चाचण्यांची आकडेवारी पुढे या शास्त्राचे पाठ्यपुस्तकी उदाहरणच बनली.

एकत्रित उत्तर : जोखीम-गुणोत्तर ०.४९. लस घेतलेल्यांची जोखीम न घेतलेल्यांच्या ४९ टक्के. म्हणजे संरक्षण ५१ टक्के. अनिश्चिततेची मर्यादा ०.३४ ते ०.७०.

'बीसीजी पन्नास टक्के परिणामकारक' असा मथळा यातून सहज निघतो. पण तेरा ठिकाणांचे आकडे पाहा : गुणोत्तर ०.२० पासून १.५६ पर्यंत पसरलेले. एकूण तफावतीपैकी सुमारे ९२ टक्के तफावत योगायोगाच्या पलीकडची. नव्या एखाद्या ठिकाणी लस दिली तर गुणोत्तर सुमारे ०.१५ ते १.५५ यांत कोठेही पडू शकेल, असे हेच गणित सांगते. एवढ्या रुंद पट्ट्यात उत्तम लसही बसते आणि निरुपयोगी लसही. एका पायाला निखारा आणि दुसऱ्याला बर्फ लावून 'सरासरी तापमान सुखद' म्हणण्यासारखेच हे.

म्हणून खरा प्रश्न : परिणाम कशामुळे बदलतो? परिणामाचे प्रमाण कमी-अधिक करणाऱ्या अशा घटकाला मॉडरेटर म्हणतात.

११/
पहिले अवजार : उपगट-विश्लेषण. चाचण्यांची एखाद्या गुणावरून गटवारी करायची, प्रत्येक गटाची सरासरी काढायची आणि गटांची तुलना करायची.

संशयित क्रमांक एक : चाचणीची रीत. कोणाला लस द्यायची हे काही ठिकाणी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यादृच्छिकपणे ठरवले होते, काही ठिकाणी एकाआड एक, तर काही ठिकाणी जन्मवर्षासारख्या ठराविक नियमाने. आजच्या प्रचलित पद्धतीने हिशेब केला तर उत्तर असे येते :

यादृच्छिक (७ चाचण्या) : सुमारे ०.३८
एकाआड एक (२ चाचण्या) : सुमारे ०.६०
ठराविक नियमाने (४ चाचण्या) : सुमारे ०.६५

वरकरणी फरक डोळ्यांत भरतो. घाईचा वाचक म्हणेल, 'सापडले! चांगल्या चाचण्यांत लस चालते, ढिसाळ चाचण्यांत नाही.'

१२/
येथेच नवशिका घसरतो. 'या गटात परिणाम ठळक, त्या गटात नाही' हे पाहून गटांत फरक आहे असे ठरवता येत नाही. कसोटी फरकाचीच लावावी लागते : प्रत्येक गटाच्या आतला पसारा लक्षात घेता, गटांच्या सरासरीतले हे अंतर योगायोगाने पडू शकेल का?

येथे पी-मूल्य सुमारे ०.४१ येते. म्हणजे रीतीचा काहीच संबंध नसता तरी एवढे किंवा याहून मोठे अंतर दहांतून चार वेळा दिसले असते. शिवाय चिंगलपुटची चाचणी यादृच्छिक गटातच आहे. त्या गटातले काही आकडे ०.२०, तर हा १.०१! गटवारीने आतला पसारा आवरला नाही. हा संशयित पुराव्याअभावी सुटला. निर्दोष ठरला असे मात्र म्हणू नये. एका गटात दोनच चाचण्या असताना कसोटी दुबळीच असते.

१३/
संशयित क्रमांक दोन : भूगोल. विषुववृत्तापासूनचे अंतर, म्हणजे अक्षांश.

येथे उपगट पाडायचे तर सीमा कोठे आखायची? ४० अंशांवर आखली तर उत्तरेच्या सहाही चाचण्यांत गुणोत्तर ०.४६ किंवा त्याहून कमी, चित्र झळझळीत. ३० अंशांवर आखली की ३३ अंशांवरच्या जॉर्जियातील दोन्ही चाचण्या उत्तर गटात शिरतात आणि तेच चित्र फिकट होते. आकडे तेच, निष्कर्ष सीमारेषा आखणाऱ्याच्या मर्जीवर. सलग बदलणाऱ्या गुणाचे तुकडे केले की माहिती वाया जाते आणि मर्जीला वाव मिळतो.

म्हणून दुसरे अवजार.

१४/
मेटा-रिग्रेशनची कल्पना सोपी आहे. आडव्या अक्षावर अक्षांश, उभ्या अक्षावर जोखीम-गुणोत्तराचा लॉगरिदम. प्रत्येक चाचणी म्हणजे एक ठिपका. मोठ्या, नेमक्या चाचणीला अधिक वजन, लहानीला कमी. पण ठिकाणाठिकाणांतील खरी भिन्नताही वजनात धरायची, म्हणजे एकटी अजस्र चाचणी सारी रेषा आपल्याकडे ओढत नाही. मग या ठिपक्यांतून सर्वांत जुळणारी सरळ रेषा काढायची. बर्की, हॉगलिन, मॉस्टेलर आणि कोल्डिट्झ यांनी १९९५ मध्ये हीच पद्धत याच १३ चाचण्यांवर मांडून दाखवली.

रेषा काय सांगते?

१३ अंशांवर (मद्रासचा अक्षांश) अपेक्षित गुणोत्तर : सुमारे ०.८८
३३ अंशांवर : सुमारे ०.४९
५५ अंशांवर : सुमारे ०.२६

विषुववृत्तापासून प्रत्येक अंश दूर जाताना जोखीम-गुणोत्तर सुमारे ३ टक्क्यांनी खाली येते. १९९४ च्या मूळ अभ्यासात अक्षांश आणि चाचणीचा दर्जा या दोहोंनी मिळून चाचण्यांतील ६६ टक्के भिन्नतेचा उलगडा केला होता. आजच्या प्रचलित पद्धतीने मोजले तर एकटा अक्षांशच सुमारे तीन-चतुर्थांश भिन्नता सांगून जातो.

इंग्लंड खोटे नव्हते आणि चिंगलपुटही खोटे नव्हते. दोन्ही एकाच उतरत्या रेषेच्या दोन टोकांजवळ उभे होते.

१५/
मात्र रेषेला न जुमानणारे ठिपकेही पाहायला हवेत. हैती १९ अंशांवर आहे. रेषेनुसार तेथे गुणोत्तर सुमारे ०.७४ असायला हवे. प्रत्यक्षात ते ०.२० भरले, म्हणजे कॅनडाइतके उत्तम संरक्षण! उलट जॉर्जियात ०.४९ अपेक्षित असता एकात सुमारे १ आणि दुसऱ्यात १.५६ आले, अर्थात या दुसऱ्या चाचणीत दोन्ही बाजू मिळून अवघे आठ रुग्ण होते, त्यामुळे तिच्या आकड्यावर फार भार देता येत नाही.

अक्षांश हिशेबात धरल्यावरही चाचण्यांतील उरलेल्या तफावतीचा मोठा भाग योगायोगाच्या पलीकडचाच राहतो. रेषा बरेच सांगते, सर्व काही सांगत नाही. जुन्या बखरीतला एखादा प्रसंग इतर साधनांशी जुळत नाही तेव्हा इतिहासकार तो खोडून टाकत नाही, त्याच्यापाशी थांबतो. तसेच येथे हैतीपाशी थांबायचे.

१६/
आता मर्मावर येऊ. अक्षांश हे कारण आहे का?

लसीतल्या जंतूला अंश-कला कळत नाहीत. अक्षांश हा दुसऱ्या कशाचा तरी मुखवटा आहे. विषुववृत्ताजवळ जावे तसे हवामान बदलते, माती-पाण्यातले सूक्ष्मजंतू बदलतात, दारिद्र्य आणि दाटीवाटी बदलते, संसर्ग होण्याचे वय बदलते. शिवाय उत्तरेकडील बऱ्याच चाचण्या जुन्या, दक्षिणेकडील काही नंतरच्या. हे सारे घटक हातात हात घालून चालतात.

प्रत्येक चाचणीच्या आत लस कोणाला मिळेल हे चिठ्ठीने ठरले असेल, तर तेथील तुलना विश्वासार्ह असते. पण कोणती चाचणी कोणत्या अक्षांशावर व्हावी, याची चिठ्ठी कोणी टाकली नव्हती. म्हणून चाचण्यांमधली तुलना, आतल्या चाचण्या कितीही काटेकोर असल्या तरी, केवळ निरीक्षणाच्या पातळीवरची असते. तिच्यातून दिशा मिळते. निवाडा मिळत नाही.

आणि ठिपके तेराच! दर मॉडरेटरमागे निदान दहा अभ्यास हवेत, असा एक ढोबळ संकेत या शास्त्रात पाळला जातो. तेरा ठिपक्यांवर पाच घटकांचा निवाडा करू जाणे म्हणजे एका साक्षीदारावर पाच खटले चालवणे.

१७/
दुसरा सापळा अधिक फसवा. १९५० मध्ये समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. एस. रॉबिन्सन यांनी अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेतून तो उघड केला. राज्ये घेतली, तर ज्या राज्यांत परदेशी जन्मलेले लोक अधिक तेथे निरक्षरता कमी. सहसंबंध सुमारे −०.५३. माणसे घेतली, तर परदेशी जन्मलेल्यांत निरक्षरता किंचित अधिक. सहसंबंध सुमारे +०.१२. उलगडा साधा होता : स्थलांतरित लोक साक्षरता अधिक असलेल्या राज्यांत जाऊन स्थायिक झाले होते.

समूहाच्या सरासरीवरून व्यक्तीविषयी निष्कर्ष काढण्याच्या या चुकीपासून मेटा-रिग्रेशनही मुक्त नाही. समजा, सहभागींचे सरासरी वय जास्त असलेल्या चाचण्यांत परिणाम कमी दिसला. तेवढ्यावरून एकाच गावातील वयस्करांना तरुणांपेक्षा कमी लाभ होतो, असे सिद्ध होत नाही. त्यासाठी त्या चाचणीच्या आतली, व्यक्तिशः माहिती लागते.

२०२० मध्ये याची जिवंत प्रचिती आली. बीसीजी देणाऱ्या देशांत कोविडचे मृत्यू कमी दिसतात, असे देशोदेशींचे आकडे मांडून सांगितले गेले आणि दंडावरच्या व्रणाला अनेकांनी कवच मानले. पुढे आरोग्यसेवकांवर झालेल्या मोठ्या यादृच्छिक चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. त्यात बीसीजीने कोविडपासून संरक्षण दिल्याचे दिसले नाही.

१८/
तिसरा सापळा : पुरेशा वेळा चाळणी मारली की काहीतरी सापडतेच.

१९८८ मधील 'आयसिस-२' ही हृदयविकारावरील चाचणी यासाठी अजरामर झाली आहे. ४१७ रुग्णालयांतील १७,१८७ रुग्ण. अ‍ॅस्पिरिनने हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांमुळे होणारे मृत्यू २३ टक्क्यांनी घटवले. उपगटांचे आकडे किती फसवे असतात हे दाखवण्यासाठी संशोधकांनी रुग्णांची राशींनुसार गटवारी छापली. मिथुन आणि तूळ राशीच्या रुग्णांत अ‍ॅस्पिरिन किंचित अपायकारक, उरलेल्या राशींत अत्यंत लाभदायक!

हसू येते खरे. पण 'राशी'च्या जागी 'वय', 'वजन' किंवा 'खंड' असा भारदस्त शब्द घातला असता तर किती जण हसले असते? म्हणून कोणते मॉडरेटर तपासणार हे आकडे पाहण्यापूर्वी जाहीर करावे, थोडकेच निवडावे आणि प्रत्येकामागे आधीपासूनचा तर्क असावा, असा दंडक आहे. बीसीजीच्या बाबतीत अक्षांशामागे पामर-लाँग यांचा १९६६ चा तर्क आधीच उभा होता. ही त्या रेषेची जमेची बाजू.

१९/
मग मुखवट्यामागे कोण होते?

२०१४ मध्ये पुनम मंगतानी आणि सहकाऱ्यांनी नव्याने आढावा घेतला. फुप्फुसाच्या क्षयाबाबत आता १८ चाचण्या हाती होत्या. निष्कर्ष बोलका होता. ट्युबरक्युलिन चाचणीने काटेकोरपणे पारखून, म्हणजे आधी कोणताही संसर्ग न झालेली मुले निवडून लस दिली तेथे गुणोत्तर ०.२६. नवजात अर्भकांत ०.४१. काटेकोर पारख न केलेल्या मुलांत ०.५९. मोठ्या वयाच्यांत ०.८० ते ०.९० च्या घरात.

अक्षांशाचा प्रभाव येथेही दिसला. पण आधीची पारख, वय आणि निदानातील पक्षपात हे घटक एकाच समीकरणात बसवल्यावर प्रत्येकाचा ठसा थोडा फिकट झाला, पुसला मात्र गेला नाही. लसीच्या वाणाचा संबंध असल्याचा पुरावा मिळाला नाही. म्हणजे १९८० च्या त्या यादीतील एक तर्क मागे पडला आणि एक बळकट झाला : शरीराची पाटी कोरी असताना लस दिली तर ती अक्षर उमटवते, पाटीवर आधीच काही लिहिलेले असेल तर तिची रेघ दिसत नाही.

इंग्लंडची चाचणी आठवा : पारखून घेतलेली मुले. चिंगलपुट आठवा : उष्ण प्रदेश आणि सर्व वयोगटांची सरमिसळ.

२०/
या साऱ्यात पणाला काय लागले होते, तेही ध्यानी घ्यावे.

केवळ चिंगलपुटकडे पाहून भारताने १९८० मध्ये बीसीजी बंद केली असती तर? मेंदूच्या आवरणाचा क्षय आणि सर्वांगात पसरणारा क्षय ही लहान मुलांच्या क्षयाची अत्यंत घातक रूपे. त्यांच्यापासून अर्भकांना मिळणारे संरक्षण मोठे आहे, आणि २०१४ च्या आढाव्यानेही ते दाखवले. भारतात जन्मतःच बीसीजी देण्याची प्रथा टिकली ती याच आधारावर.

उलट केवळ ५१ टक्क्यांच्या सरासरीवर विसंबून प्रौढांचे लसीकरण करत राहिलो असतो तर? फुप्फुसाचा क्षय लसीने आटोक्यात येईल या भ्रमात रुग्णशोध आणि औषधोपचार मागे पडले असते. ब्रिटनने २००५ मध्ये शाळकरी मुलांचे सरसकट लसीकरण थांबवून ज्या बालकांना धोका अधिक त्यांच्याकडे मोर्चा वळवला. एकाच लसीचे वेगवेगळ्या ठिकाणी वेगळे धोरण असणे ही आता विसंगती राहिली नाही; 'कोठे, कोणाला, कोणत्या वयात' या प्रश्नांची ती उत्तरे आहेत.

२१/
इतिहासाच्या अभ्यासकाने या कथेतून घेण्याजोगे पुष्कळ आहे. दोन साधने परस्परविरोधी असतील तर एकाला खोटे ठरवण्याची घाई नको. दोहोंची परिस्थिती तपासावी. सरासरी काढण्यापूर्वी पसारा पाहावा. गटांत फरक आहे असे म्हणायचे तर फरकाचीच कसोटी लावावी. रेषा सापडली की तिच्यामागचा मुखवटा शोधावा, आणि रेषेबाहेरच्या हैतीला विसरू नये.

पुढल्या वेळी 'संशोधनातून सिद्ध' असा मथळा दिसला की तीन प्रश्न विचारून पाहा : हा परिणाम सर्वत्र सारखा आहे का? नसेल तर कशाने बदलतो? आणि तो 'कशाने' आधी ठरवला होता, की आकडे चाळताना हाती लागला?

धागा येथे पुरा झाला. शंका, आक्षेप आणि पूरक माहिती यांचे स्वागत आहे.